आधी ओल, मग आच्छादन!

सकाळी आंघोळ करून कॉलेजला निघताना एक प्रयोग करून बघा. हातावर नखानं हलकीशी रेघ ओढा. पांढरी उमटली? मग थंडीनं तुमचाही नंबर लावला समजा. गाल ओढल्यासारखे वाटतात, मनमोकळं हसलं की ओठ फुटतो, टाचा रात्री चादरीत अडकतात. आई म्हणते, 'अंग उललंय बघ किती!' आणि आपण काय करतो? मोबाईल काढतो, रील बघतो.

एका रीलमधली ताई सांगते, सीरमचे चार थेंब लावा, चेहरा काचेसारखा होईल. पुढच्या रीलमधला दादा म्हणतो, सीरम-बिरम सब झूट, क्रीम फासा आणि झोपा. महिनाभराच्या पॉकेटमनीतून तुम्ही सीरम मागवता. लावता. पहिली दहा मिनिटं चेहरा एकदम मऊ. मग स्कूटीवरून अंबड चौफुलीचा वारा खात कॉलेजच्या गेटवर पोहोचेपर्यंत पुन्हा तेच, तोंड ओढलेलं.

सीरम वाया गेलं म्हणायचं का? नाही. क्रीम फुकटचं आहे का? तेही नाही. गडबड एवढीच झाली की दोघांना जोडीनं काम करावं लागतं, हे कुणी सांगितलंच नाही. एकानं ओल धरायची, दुसऱ्यानं ती उडू द्यायची नाही. बस, स्किनकेअर नावाच्या मोठ्ठ्या बाजारातली अर्धी अक्कल या एका वाक्यात मावते.

आणि गंमत म्हणजे, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला केव्हाचीच पाठ आहे.

मोसंबीच्या आळ्यात बघा

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे आपण कौतुकानं सांगतो. पण याच मोसंबीनं २०१२-१३च्या दुष्काळात काय भोगलं, तेही घराघरांत ठाऊक आहे. बागाच्या बागा वाळल्या, लेकरासारख्या वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ज्यांना शक्य होतं त्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली. विकतचं पाणी आळ्यात ओतल्यावर शेतकरी ते उघडं सोडत नाही. त्यावर पाचट, गवत, भुसा, जे हाती येईल ते अंथरतो. कारण उघड्या आळ्यातलं पाणी दुपारच्या उन्हात झाडाच्या आधी सूर्यच पिऊन टाकतो.

आता उलटं करून बघा. जमीन ठणठणीत कोरडी आहे आणि तुम्ही वर पाचट अंथरलं. काय होईल? खाली ओलच नाही, तर पाचट झाकणार काय?

जालना तालुक्यातलं कडवंची गाव घ्या. नव्वदच्या दशकात तिथं पाणलोटाचं काम झालं, पाणी अडवलं, जिरवलं. पुढं शेततळी आली. त्या तळ्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर आहे, कारण साठवलेलं पाणी निसटू द्यायचं नाही. पाणी आणणं आणि आणलेलं पाणी राखणं, ही दोन कामं आहेत आणि दोन्ही केली तरच द्राक्षं लागतात.

चेहऱ्यावरचं सीरम म्हणजे आळ्यातलं पाणी, मॉइश्चरायझर म्हणजे वरचं पाचट. आधी ओल, मग आच्छादन. क्रम चुकला की पैसेही गेले आणि मेहनतही.

कातडीच्या आत काय चालतं?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यात मेलेल्या, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस रांगा एकावर एक रचलेल्या असतात. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. या चुन्यात साधारण निम्मा वाटा सेरामाइडचा, उरलेल्यात कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. त्यात युरिया असतो, लॅक्टिक आम्ल असतं, अमिनो आम्लंही असतात.

भिंत धड असेल तर आतलं पाणी आत राहतं, बाहेरची धूळ, जंतू, साबण बाहेर राहतात. तरीही घाम न येता रोज तीनशे-चारशे मिली पाणी त्वचेतून गुपचूप उडून जातंच. थंडीतल्या कोरड्या हवेत हे उडणं वाढतं. वरच्या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो थर कडक होतो, त्याला चिरा पडतात. काळी जमीन उन्हाळ्यात उलते ना, अगदी तसं. आपल्या भाषेनं दोन्हीसाठी एकच शब्द ठेवलाय, तो उगीच नाही.

'भरपूर पाणी प्या, स्किन ग्लो करेल' हा सल्ला इथंच अपुरा पडतो. शरीराला पाणी हवंच, उन्हाळ्यात तर जास्तच. पण गरजेपुरतं पाणी पिणाऱ्यानं आणखी चार ग्लास ढोसले म्हणून उललेले गाल भरून येत नाहीत. भिंत फुटलेली असेल तर टाकीत पाणी वाढवून उपयोग काय? भिंत लिंपावी लागते.

धरणारे आणि अडवणारे

पाणी धरणाऱ्यांमध्ये सगळ्यात जुनं, स्वस्त आणि खात्रीचं नाव म्हणजे ग्लिसरीन. स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७९ मध्ये ते शोधलं. तेल आणि कॉस्टिकपासून साबण करताना ग्लिसरीन आपोआप निघतं. म्हणजे अंगावरची ओल काढून नेणारा साबण आणि ती परत देणारं ग्लिसरीन, दोघं सख्खे भाऊ!

हल्ली बोलबाला असतो हायल्युरॉनिक अॅसिडचा. नावात अॅसिड आहे म्हणून घाबरू नका, ते जाळत नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातून ते वेगळं केलं. आपल्या त्वचेत, सांध्यांत ते मुळातच असतं. पाणी धरतं हे खरं, पण वजनाच्या हजारपट पाणी धरतं वगैरे जाहिरातीतली वाक्यं फार मनावर घेऊ नका. युरिया, पॅन्थेनॉल, कोरफडीचा गर हेही याच गटातले.

या सगळ्यांचा स्वभाव सारखा. ते पाणी ओढतात. हवेत दमटपणा असेल तर थोडं तिथूनही मिळतं. पण डिसेंबरातल्या जालन्याच्या हवेत दमटपणा असतोच किती? मग ते त्वचेच्या आतल्या थरांतून पाणी वर आणतात आणि वर झाकण नसेल तर ते पाणीही वाऱ्यावर जातं. नुसतं सीरम लावून तोंड पुन्हा ओढतं, त्याचं कारण हेच.

अडवणाऱ्यांमध्ये सगळ्यात तगडी पेट्रोलियम जेली. अमेरिकेतल्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्राला चिकटलेला मेणासारखा थर कापलेल्या-भाजलेल्या जागी लावायचे. रॉबर्ट चेझब्रो यांनी ते पाहिलं, शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तिच्या थराखालून पाणी जवळजवळ उडतच नाही. पण ती स्वतः पाणी देत नाही. कोरड्याठाक टाचेवर फासली तर कोरडेपणावर झाकण, एवढंच. मेण, डायमेथिकोन, लॅनोलिन हे तिचेच भाऊबंद. याशिवाय विटांच्या फटी भरणारी तेलं आणि सेरामाइड असतात. चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये हे सगळे थोडेथोडे एकत्र नांदतात.

आजीचं कुठं बरोबर, कुठं चूक

आजीच्या कपाटात ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची बाटली असायची. आजच्या भाषेत ते सीरमच की! नुसतं ग्लिसरीन घट्ट आणि चिकट, म्हणून त्यात पाणी. अगदी शास्त्रशुद्ध. आंघोळ झाल्यावर अंग पुरतं कोरडं न करता ओल्या अंगावर खोबरेल चोळणं, हेही तंतोतंत बरोबर. आधी ओल, मग आच्छादन. कोकणातली माणसं भेगाळलेल्या टाचांना कोकमाचं तेल लावतात, आपल्याकडं दुधाची साय लावतात. हेतू तोच, ओल अडवायची.

आपल्या मराठवाड्याची तर करडई आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाणही दिलंय. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्लाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे असतो आणि त्वचा सेरामाइड बनवताना हेच आम्ल वापरते. घाण्याचं करडईचं तेल अंगाला लावायला हलकंही असतं. फोडणीत शोभतं तसं ते हातापायांवरही शोभेल.

पण आजीचं सगळंच बरोबर, असंही नाही. लिंबू पिळून चेहऱ्यावर चोळणं, भेगा दगडानं रक्त येईपर्यंत घासणं, रोज बेसनानं खसाखसा तोंड धुणं, हे सोडा. त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी, सामू साधारण पाचच्या आसपास. लिंबू त्याहून कितीतरी आंबट आणि नेहमीचा साबण नऊ-दहा सामूचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा. दोघंही भिंत खिळखिळी करतात. आणि चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेल अंगापुरतंच ठेवा, चेहऱ्यावर नको.

आपल्या गावचे शत्रू

इथं आणखी एक अडचण आहे, आपलं पाणी. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर सहाशेपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. आंघोळीच्या पाण्याचा हिशोब कोण ठेवतो? जड पाण्यात साबणाची साय बनते आणि ती अंगावरच बसते. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो, आणखी चोळतो. मग अंग खाजतं.

आता डोळ्यांसमोर आणा पहाटे पाचला भरतीसाठी मैदानावर धावणारी पोरं. गार वाऱ्यात घामेजलेला चेहरा, मग थेट कडक गरम पाण्याची आंघोळ. एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये भट्टीच्या धगीपुढं पाळी करणारा तरुण. दिवसातून कितीतरी वेळा हात धुणारी नर्सिंगची विद्यार्थिनी. सुट्टीत कापूस वेचायला जाऊन बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेणारी बारावीची मुलगी. या सगळ्यांना 'ग्लास स्किन' नकोय. त्यांना न फाटणारे हात हवेत. चीर पडलेली त्वचा म्हणजे जंतूंना उघडं दार आणि टाचेची साधी भेग मधुमेह असलेल्या आईबाबांच्या पायात मोठी जखम होऊन बसू शकते.

म्हणून या पानाचं सरळ म्हणणं आहे की, मॉइश्चरायझर ही चैन नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हातांना लावायच्या सॅनिटायझरचं जे सूत्र दिलंय, त्यात १.४५ टक्के ग्लिसरीन मुद्दाम घातलेलं आहे, वारंवार वापरणाऱ्यांचे हात फाटू नयेत म्हणून. मग आपल्या मिलमध्ये हातमोजे देतात, दवाखान्यात साबण ठेवतात, त्याशेजारी क्रीमची एक मोठी डबी ठेवायला काय हरकत आहे? वसतिगृहांनी, रेक्टरबाईंनीही विचार करावा. खर्च किरकोळ आहे. आणि पोरांनो, 'हे मुलींचं काम' म्हणत फुटलेल्या ओठांनी फिरण्यात कसली मर्दानगी? कातडी सगळ्यांची सारखीच उलते.

तर करायचं काय?

आंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांच्या आत. अंगभर साबण रोज नको. काखा, जांघा, पाय आणि जिथं मळ आहे तिथं पुरे. चेहऱ्याला दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, बाकी वेळा नुसतं पाणी. टंचाईच्या जिल्ह्यात पाणीही वाचेल.

टॉवेलनं टिपा, खसाखसा पुसू नका. अंग किंचित ओलसर राहू द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आळ्यातलं पाणी ते हेच. बोअरचं पाणी फारच जड असेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या.

दोन-तीन मिनिटांच्या आत ओलसर चेहऱ्यावर सीरमचे दोन-तीन थेंब किंवा पाण्यात पातळ केलेलं ग्लिसरीन. ते वाळायची वाट न बघता लगेच वरून मॉइश्चरायझर. दिवसा बाहेर पडत असाल तर सर्वांत शेवटी सनस्क्रीन. सनस्क्रीन आधी आणि क्रीम नंतर, असं करू नका.

तेलकट चेहरा असला तरी ओल हवीच. तेल आणि पाणी वेगळं. तुपाच्या कढईत पाणी नसतं, तसंच. अशांनी जेल किंवा पातळ लोशन घ्यावं, 'नॉन-कॉमेडोजेनिक' असं लिहिलेलं. कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम. उन्हाळ्यात सगळ्यांनीच हलकं, थंडीत सगळ्यांनीच थोडं जड.

टाचांसाठी रात्रीचा कार्यक्रम करा. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, टिपून घ्या, दहा टक्के युरियाचं क्रीम, वरून पेट्रोलियम जेली, मग सुती मोजे. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर युरिया झोंबतो, तिथं आधी नुसती जेली. ओठांना रात्री जेली आणि जिभेनं चाटणं बंद. चाटलेलं पाणी उडताना ओठाचंही पाणी घेऊन जातं. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. आणि किमान चार आठवडे धीर धरा, कारण त्वचेचा वरचा थर नव्यानं बनायला साधारण तेवढा वेळ लागतो.

लेबल वाचा, खिसा वाचवा

डबी उलटी करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमानं येतात. पहिलं बहुतेक वेळा पाणी असतं, 'अॅक्वा' नावानं. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर ग्लिसरीन दिसलं आणि पुढे डायमेथिकोन, पेट्रोलाटम किंवा सेरामाइड दिसलं, तर धरणारा आणि अडवणारा दोघंही एकाच डबीत आले. अशी साधी डबी असेल तर वेगळं सीरम घ्यायलाच पाहिजे असं मुळीच नाही. ओलसर त्वचेवर ती एक डबी लावली तरी जोडीचं काम होतं. उलट 'केशरयुक्त', 'सोन्याचे कण' असं पुढं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि मागच्या यादीत केशर तळाशी सापडतं. २०१८ पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा कॅम्पस ज्या शहरात आहे, तिथल्या पोरापोरींनी लेबलवरच्या नावांना घाबरायचं?

एक सापळा मात्र ओळखा

ओलीच्या नावाखाली गोरेपणा विकला जातो, तिथं थांबा. बिननावाच्या डबीतलं, 'आठ दिवसांत फरक' म्हणणारं क्रीम घेऊ नका. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना गोरं करणारं क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात उलगडा झाला की त्या क्रीममध्ये पारा होता. काही क्रीमांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते. आपण जी भिंत लिंपायला निघालोय, तीच ते पोखरतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली, ती याचसाठी. गजकर्ण, खरूज, न थांबणारी खाज, पू यांवर क्रीम-तेलाचे प्रयोग करू नका, मेडिकलवाल्याला विचारून मलमही घेऊ नका. सिव्हिलमध्ये त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

त्वचा निरोगी असणं आणि गोरी असणं, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आपली काळी जमीन बघा. ती पांढरी व्हावी असं कुठल्या शेतकऱ्याला वाटतं? तिच्यात ओल राहावी, एवढंच त्याला हवं असतं.

उद्या सकाळी आंघोळ झाली की टॉवेल जरा हळू फिरवा. ओल असतानाच हात डबीकडे जाऊ द्या. महिन्याभरानं पुन्हा नखानं रेघ ओढून बघा आणि रेघ उमटली नाही तर तीच डबी बाबांच्या टाचांसाठी पुढं करा. कापूस वेचून आलेल्या आईच्या हातांसाठीही.